काळ्या कड्याचं टोक : केप ॲडेअरची मोजणी आणि बारसं, जानेवारी १८४१

न्यूझीलंडवरून सरळ दक्षिणेला उतरत गेलं की रॉस समुद्राच्या पश्चिम काठावर एक कोपरा लागतो. दक्षिणेकडून वर आलेला किनारा इथे एकदम पश्चिमेला वळतो. आजूबाजूला सगळं पांढरं, आणि हे टोक मात्र काळ्या ज्वालामुखी खडकाचं, उभ्या कड्यांचं. हे केप ॲडेअर : ७१ अंश १७ मिनिटं दक्षिण, १७० अंश १४ मिनिटं पूर्व. १८४१च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलाचा अधिकारी जेम्स क्लार्क रॉस याच्या दोन जहाजांनी ते पहिल्यांदा कागदावर उतरवलं. कुणीही त्यावर पाय न ठेवता. ते कसं जमलं, कुठे जमलं नाही, हे त्या दिवसांच्या क्रमानेच पाहिलेलं बरं. खाली ‘मैल’ म्हणजे सगळीकडे सागरी मैल, १,८५२ मीटरचा.

१७ डिसेंबर १८४० ते ४ जानेवारी : कॅम्पबेल बेटाहून दक्षिणेला

‘इरेबस’ रॉसच्या हाताखाली, ‘टेरर’ फ्रान्सिस क्रोझियरच्या. दोन्ही मुळात तोफगोळे डागणारी लढाऊ गलबतं, म्हणून बांधणी जाड आणि पोट रुंद. चाल मंद, पण बर्फाचे धक्के सोसायला तीच हवीत. दोन्ही निव्वळ शिडाची, इंजिन नाही. म्हणजे मोजणीसाठी कुठे थांबायचं, हे शेवटी वारा ठरवणार.

मोहिमेचं मूळ काम किनारा शोधणं हे नव्हतंच. काम होतं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं. उत्तर चुंबकीय ध्रुवापर्यंत रॉस १८३१ मध्येच पोचला होता. आता दक्षिणेचा गाठायचा होता. त्यासाठी जगभर वेधशाळांची साखळी उभी राहत होती. होबार्टला रॉसने स्वतः एक वेधशाळा उभारून दिली, आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या त्या याच लाटेत. (विजेच्या ट्रामगाड्यांमुळे सुया बिघडतील म्हणून पुढे हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. अलिबागच्या नोंदी आजही जगभर वापरल्या जातात.)

होबार्टलाच रॉसला कळलं की फ्रेंच मोहिमेचा ड्यूमाँ द्युर्व्हिल आणि अमेरिकन मोहिमेचा विल्क्स यांनी त्याच्या ठरलेल्या वाटेवर आधीच काम केलंय. त्याने वाट बदलली आणि १७० अंश पूर्व रेखांश धरला. कारण साधं होतं : १८३९ मध्ये बॅलेनी या इंग्लिश कप्तानाला त्या बाजूला ६९ अंशांवर मोकळं पाणी दिसलं होतं. केप ॲडेअर सापडलं ते या निर्णयामुळे.

वाटेत रोजचं काम एकच, क्रोनोमीटर सांभाळणं. ही घड्याळं रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने किल्ली देऊन चालवायची, आणि दर दिवशी कोणतं किती पुढे जातं किंवा मागे पडतं ते लिहायचं. बंदरावर ठरवलेली ही ‘चाल’ थंडीत बदलते, म्हणून एकावर भरवसा न ठेवता अनेक घड्याळं एकमेकांशी ताडून पाहतात. वेळेत ४ सेकंदांची चूक झाली की रेखांश १ मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकतो. विषुववृत्तावर हा एक पूर्ण मैल. ७१ अंशांवर रेखावृत्तं इतकी जवळ आलेली असतात की तीच चूक जेमतेम एक तृतीयांश मैलाची होते. ध्रुवाजवळ घड्याळाची चूक कमी बाधते आणि होकायंत्राची जास्त. या मोहिमेची सगळी मोजणी या एका गोष्टीभोवती फिरते.

५ ते ९ जानेवारी : तरंगत्या बर्फाचा पट्टा

५ तारखेला जहाजं बर्फात शिरली. शंभर मैलांहून रुंद पट्टा, त्यात चार-पाच दिवस. या दिवसांत अंदाजे स्थान ठेवणं जवळजवळ अशक्य होतं. एरवी जहाजाचा वेग दोरीने मोजतात : दोरीच्या टोकाला लाकडाची फळी, दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ, आणि २८ सेकंदांची वाळूची घटिका. घटिका संपेपर्यंत जितक्या गाठी सुटल्या तितके मैल ताशी. पण बर्फात फळी अडकते, जहाज दर मिनिटाला वळतं, आणि मुख्य म्हणजे जहाजाभोवतीचा बर्फच प्रवाहाबरोबर वाहत असतो. दोरीला ते वाहणं दिसत नाही. म्हणून बर्फातून बाहेर पडल्यावर सूर्य दिसला की आधीचा हिशेब सोडून नवं स्थान काढायचं आणि तिथून पुढची रेघ सुरू करायची.

९ तारखेला पुढे मोकळा समुद्र लागला.

११ जानेवारी : जमीन

रात्री दोनच्या सुमाराला पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला समोर जमीन दिसली. ‘रात्री’ म्हणायचं ते घड्याळापुरतं. या अक्षांशावर जानेवारीत सूर्य मावळत नाही.

डोंगर हाताला लागतील इतके जवळ वाटत होते. इथे पहिली फसगत. स्वच्छ, कोरड्या हवेत धुरकटपणा नसतो, त्यामुळे दूरचा डोंगर फिका दिसत नाही, आणि झाड, घर, माणूस असं ओळखीच्या मापाचं काहीच नसल्याने डोळ्याला तुलनेला आधार मिळत नाही. हिशेब करून पाहा : १२,००० फुटांचा डोंगर, ५० फूट उंचीवरून पाहणारा माणूस, तर पृथ्वीची गोलाई आणि प्रकाशाचं वाकणं धरून तो १३० मैलांहूनही दिसू शकतो. अंतर नजरेने घ्यायचंच नाही, कोनाने घ्यायचं.

दुपारच्या वेधाने जहाजाचा अक्षांश ७१ अंश १५ मिनिटं आला. १७७४ मध्ये कुक पोचला त्याहून पाच मिनिटं दक्षिणेला. हा वेध कसा, ते एकदा आकड्यांत पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश सरकलेला आहे ते, सुमारे २१ अंश ५० मिनिटं दक्षिण. सूर्य मध्यान्ही सर्वांत वर असताना सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या हातातल्या उपकरणाने, त्याची क्षितिजापासूनची उंची घ्यायची. ती सुमारे ४० अंश ३५ मिनिटं यायला हवी. नव्वदातून ती वजा केली, त्यात क्रांती मिळवली, की अक्षांश. मध्यरात्रीही सूर्य वर असल्यामुळे दुसरा वेध मिळतो : दक्षिणेला, सर्वांत खाली, जेमतेम ३ अंशांवर. हा पडताळा म्हणून चांगला, पण त्यावर विसंबू नये. इतक्या खालच्या सूर्याचा किरण हवेत पाव अंशाच्या आसपास वाकतो, आणि थंड बर्फावरच्या हवेत नेहमीच्या कोष्टकापेक्षा किती जास्त वाकेल ते सांगता येत नाही.

दुसरी अडचण क्षितिजाची. समुद्राची रेघ समजून जी धरली ती दोन मैलांवरच्या बर्फाच्या लादीची कड असेल, तर सगळे कोन काही मिनिटांनी चुकतात. उपाय : शिडाच्या दोरखंडांवर वर चढून तोच कोन पुन्हा घ्यायचा. उंचीप्रमाणे जितका फरक पडायला हवा तितकाच पडला, तर क्षितिज खरं.

आता टोकाकडे. जहाज जवळजवळ ॲडेअरच्याच अक्षांशावर आलं होतं. मोजणी करणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. टोक बरोबर पश्चिमेला दिसत असेल तेव्हा त्याचा अक्षांश जहाजाच्या अक्षांशाइतकाच, मग अंतर दहा मैल असो की वीस. अंतराची चूक तेव्हा फक्त रेखांशात जाते.

अंतर काढायची सोपी रीत ‘कोन दुप्पट’ची. समजा जहाज सरळ रेषेत चाललंय आणि टोक नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, ३० अंश बाजूला दिसतंय. दिशा न बदलता चालत राहायचं. टोक ६० अंशांवर आलं की मधे कापलेलं अंतर हेच तेव्हाचं टोकापर्यंतचं अंतर. आठ मैल चाललात, तर टोक आठ मैलांवर. कोकणातला तांडेल देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून होडी जागेवर आणतो, त्याच जातीची ही भूमिती. फक्त इथे कळस नाही, म्हणून कोन आकड्यात लिहावा लागतो. चूक कुठे शिरते? मधल्या प्रवाहात. दोन तास ताशी एक मैलाचा प्रवाह असेल, तर आठातले दोन मैल खोटे, आणि टोक नकाशावर दोन मैल सरकलं.

यावर उतारा म्हणजे दोन जहाजं. डोलकाठीची उंची माहीत असते. पाण्यापासून १२० फूट उंच काठीचा कोन ३४ मिनिटं आला तर ते जहाज दोन मैलांवर आहे. तोफ डागून धूर दिसल्यापासून आवाज येईपर्यंतची सेकंदं मोजली तरी चालतं. गोठणबिंदूच्या आसपास दोन मैलांना सव्वाअकरा सेकंद लागतात. हा झाला पाया. त्याच क्षणी दोन्ही जहाजांवरून टोकाचे कोन घेतले, तर प्रवाहाचा संबंधच उरत नाही. मात्र पाया दोन मैलांचा आणि टोक वीस मैलांवर असेल तर त्रिकोण सुईसारखा बारीक होतो, आणि कोनातली लहान चूकही अंतरात मोठी होते. तीस अंशांहून कमी कोनात छेदणाऱ्या रेघांवर भरवसा ठेवायचा नाही.

आणि होकायंत्र? ते इथे जवळपास निकामी. नतीची सुई, म्हणजे चुंबकीय ओढ आडव्यापासून किती खाली झुकते ते दाखवणारी, ८६ अंशांपर्यंत झुकली होती. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ओढीपैकी जेमतेम सात टक्के ओढ आडवी उरते, आणि दिशा दाखवणारी सुई त्या सात टक्क्यांवरच चालते. जहाज जरा डोललं की सुई भरकटते, जहाजावरचं लोखंड तिला सहज ओढून नेतं. म्हणून दिशा सूर्यावरून घेतात : वेळ आणि अक्षांश माहीत असले की सूर्य नेमका कोणत्या दिशेला आहे हे गणिताने निघतं, मग सेक्स्टंट आडवा धरून सूर्य आणि टोक यांच्यातला कोन मोजायचा. वेळखाऊ काम आहे, ढग आले की थांबतं, पण खरं उत्तर यानेच मिळतं.

याच नोंदींवरून चुंबकीय ध्रुव नैर्ऋत्येला सुमारे ५०० मैलांवर आहे असं निघालं. मधे अख्खी पर्वतरांग आडवी. समुद्रमार्गे तिथे पोचण्याची आशा त्याच दुपारी संपली. जमीन सापडल्याचा आनंद आणि ध्रुव हुकल्याचं दुःख, दोन्ही एकाच पर्वतरांगेने दिलं.

नावं त्याच दिवशी पडायला लागली. ठळक शिखराला माउंट सॅबाइन, रॉयल सोसायटीच्या एडवर्ड सॅबाइनवरून. या चुंबकीय मोहिमेचा तो मोठा पाठीराखा. काळ्या टोकाला केप ॲडेअर, रॉसचा मित्र आणि ग्लॅमॉर्गनचा खासदार व्हायकाउंट ॲडेअर याच्यावरून. ही पदवी आयर्लंडमधल्या ॲडेअर गावाची. उच्चार सारखा असल्यामुळे पुढे काही नकाशांवर Adare ऐवजी Adair असं भलतंच स्पेलिंग शिरलं. टोकाच्या पश्चिमेचा उपसागर रॉबर्टसन बे, ‘टेरर’च्या डॉक्टरवरून.

सॅबाइनची उंची रॉसने दहा हजार फुटांहून थोडी कमी धरली. आज ती ३,७२० मीटर म्हणजे १२,२०० फूट मानतात. इतका फरक का पडू शकतो, हे पुन्हा आकड्यांत : ६० मैलांवरचं शिखर क्षितिजाच्या वर एक अंश दिसलं तर नुसत्या कोनाने उंची येते सुमारे ६,३६० फूट. पृथ्वीच्या गोलाईमुळे खाली दडलेला भाग, प्रकाशाचं वाकणं धरून, आणखी पावणेतीन हजार फुटांचा. अंतराचा अंदाज चुकला तर दोन्ही आकडे चुकतात, आणि दुसरा तर अंतराच्या वर्गाने चुकतो. शिवाय मृगजळाने शिखर दहा मिनिटं जरी उचललं, तरी एक हजार फुटांची भर पडते.

१२ जानेवारी : पझेशन बेट

मुख्य किनाऱ्यावर उतरणं जमलं नाही. कडेला बर्फ आणि फुटणाऱ्या लाटा. शेवटी ॲडेअरपासून चाळीसेक मैलांवरच्या एका लहान बेटावर होड्या लागल्या. राणी व्हिक्टोरियाच्या नावाने ताबा जाहीर झाला, बेटाचं नाव पझेशन पडलं. ज्वालामुखी खडक, पेंग्विनांची प्रचंड वस्ती, पाय रुतेल इतकी विष्ठा. झाडपाला काही नाही.

मोजणीच्या दृष्टीने अशा उतरण्याचं मोल वेगळं. डुलत्या जहाजावरचा कोन आणि घट्ट जमिनीवरचा कोन यांत जमीन आसमानाचा फरक असतो; किनाऱ्यावर पाऱ्याच्या ताटलीत सूर्याचं प्रतिबिंब घेता येतं आणि क्षितिजाचा प्रश्नच मिटतो. पण त्याला निवांत वेळ लागतो, आणि तो इथे मिळाला नाही.

१३ ते १९ जानेवारी : धावती मोजणी

किनाऱ्याकडेने दक्षिणेला जात, स्वच्छ हवेत कोन, वादळात वाट पाहणं. एका थांब्यावर किमान चार-पाच ठळक खुणा निवडायच्या, त्यांच्यातले कोन एकाच वेळी दोघातिघांनी घ्यायचे, आणि शेजारी किनाऱ्याचं रेखाचित्र काढून प्रत्येक खुणेला अक्षर द्यायचं. रेखाचित्राविना घेतलेला कोन दुसऱ्या दिवशी कवडीमोलाचा, कारण तेच शिखर दहा मैल पुढून वेगळंच दिसतं.

तसं झालंही. ॲडेअर द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला क्रोझियरच्या मित्रावरून ‘केप डाउनशर’ असं एक टोक नोंदलं गेलं. प्रत्यक्षात तिथे सलग कडे आहेत. आज नकाशावर ‘डाउनशर क्लिफ्स’ असं नाव टिकून आहे. समोरून पाहताना एकामागे एक असलेले कडे टोकासारखे भासतात. उपाय एकच, तीच जागा दोन बाजूंनी पाहणं. वारा ते करू देईलच असं नाही.

या आठवड्यातली नावं पाहिली की पद्धत कळते. उत्तरेची रांग ॲडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, अधिकाऱ्यांना. तिच्या दक्षिणेची ठिकाणं विज्ञानातल्या माणसांना : हर्शेल, व्ह्यूएल, व्हीटस्टन, डॅनियल. जहाजावरच्यांनाही वाटा : केप हॅलेट हे ‘इरेबस’च्या पर्सरवरून, म्हणजे सामानसुमान आणि हिशेब पाहणाऱ्यावरून. १७ तारखेच्या कुलमन बेटाला रॉसच्या होणाऱ्या सासऱ्यांचं नाव, आणि त्याच्या एका टोकाला वाग्दत्त वधू ॲनचं. इथे आधीची माणसं नव्हती, म्हणून मोडीत काढायला जुनी नावंही नव्हती. वसाहतींच्या काळातल्या इतर नकाशांबद्दल हे म्हणता येत नाही.

२७ आणि २८ जानेवारी : जिथे नकाशा घसरला

२७ला फ्रँकलिन बेटावर उतरले. २८ला धुमसता ज्वालामुखी दिसला, त्याला जहाजाचंच नाव दिलं : इरेबस. रॉसची उंची १२,४०० फूट, आजची ३,७९४ मीटर म्हणजे १२,४५० फुटांच्या आत. सॅबाइनला चुकलेला हात इथे पन्नास फुटांत बसला. त्यापुढे बर्फाची एक अफाट भिंत लागली.

भिंतीपलीकडे दक्षिणेला दिसलेल्या रेषेला ‘पॅरी पर्वत’ म्हणून नकाशात जागा मिळाली. ते पर्वत नाहीत. स्कॉटच्या १९०२च्या मोहिमेत त्या जागी सपाट बर्फच निघाला. तसंच इरेबसजवळच्या मॅकमर्डो या पाण्याला रॉसने बंद उपसागर मानलं. ती सामुद्रधुनी आहे आणि इरेबस बेटावर उभा आहे, हेही तेव्हाच ठरलं. या दोन्ही चुका कोनांच्या नाहीत. कोन न मिळालेल्या जागी रेघ ओढल्याच्या आहेत. तुटक रेघ ओढून जागा मोकळी ठेवली असती तर साठ वर्षांचा घोळ टळला असता.

फेब्रुवारी : परतीची वाट

१७ फेब्रुवारीच्या सुमाराला नती ८८ अंश ४० मिनिटांपर्यंत गेली, चुंबकीय ध्रुव १६० मैलांवर. तिथून माघार. महिन्याच्या उत्तरार्धात जहाजं पुन्हा ॲडेअरच्या बाजूने वर आली आणि पुढे पश्चिमेला केप नॉर्थपर्यंतचा किनारा नोंदला. आधी घेतलेल्या खुणा परतीला पुन्हा दिसणं मोजणीत फार मोलाचं : क्रोनोमीटर महिन्याभरात किती सरकले ते त्यावरून कळतं, आणि ती चूक मधल्या दिवसांवर वाटून सगळा किनारा नीट बसवता येतो. ६ एप्रिलला होबार्ट.

ॲडेअरवर उतरणं परतीलाही झालं नाही. त्यामुळे एक गोष्ट रॉसच्या नकाशात नाही : कड्याच्या पश्चिम पायथ्याशी, रॉबर्टसन उपसागराच्या बाजूला, गोट्यांचा एक सखल त्रिकोणी किनारा आहे. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजाला तो कड्याआड राहतो. २४ जानेवारी १८९५ला ‘अंटार्क्टिक’ या जहाजाची होडी तिथे लागली. फेब्रुवारी १८९९ मध्ये मोहिमेचा प्रमुख बोर्चग्रेव्हिंक धरून दहा माणसं लाकडी झोपडी उभारून हिवाळाभर राहिली. जागेला त्याने आईच्या माहेरचं नाव दिलं, रिडली. त्यांच्यातल्या विल्यम कोलबेकने उपसागराची मोजणी केली, आणि पन्नासहून अधिक वर्षं समुद्रावरून पाहिलेल्या टोकाला जमिनीवरचे कोन मिळाले. ती झोपडी अजून तिथेच उभी आहे.